गाडीवर पेंग्विन, खिशाला कात्री: ओपन सोर्सने रेसिंगची स्पॉन्सरशिप घ्यावी का?

कोल्हापुरात ‘शर्यत’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर बैलगाडी येते आणि उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर मोहिते रेसिंगचा कार्टिंगचा (छोट्या उघड्या रेसगाड्यांचा) ट्रॅक. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये गाडी चालवून आला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत उतरला, आणि इंजिनिअरिंगची पोरं बाहा (खडबडीत वाटेच्या गाड्या) नाहीतर फॉर्म्युला स्टुडंट (छोट्या रेसगाड्या) या कॉलेजांच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधत असतात. त्यामुळे सीझन जवळ आला की स्पॉन्सर मागणारी एक पीडीएफ फिरायला लागते. पहिल्या पानावर गाडीचं थ्रीडी चित्र, त्यावर रंगवलेले चौकोन, शेजारी प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे दर. फौंड्रीवाले, ऑइलवाले, क्लासवाले ती घेतात. त्यांचं गणित वेगळं आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा ग्रुप किंवा ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, सर्व्हिस देणारी चार माणसांची कंपनी यांनी ती घ्यावी का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. नुसत्या स्टिकरला पाचपैकी दीड. तेच पैसे टीमच्या पिटमध्ये (शर्यतीवेळी गाडीवर काम करायच्या जागेत) आपलं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालतं करायला घातले तर चार.

आधी कुणी काय केलं

या प्रकारातला सगळ्यात मोठा प्रयोग २००७ चा. ‘टक्स ५००’ या नावाने अमेरिकेतल्या लिनक्सवाल्यांनी वर्गणी काढली. ३,५०,००० डॉलर जमवायचे आणि इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कार शर्यतीत एक गाडी टक्स या लिनक्सच्या पेंग्विनच्या नावाने पळवायची, असा बेत. वर्गणी उद्दिष्टापासून लांबच राहिली. तरी पेंग्विन चॅस्टेन मोटरस्पोर्ट्सच्या ७७ नंबरच्या गाडीवर लागला. ठरलेला ड्रायव्हर स्तेफान ग्रेगोआर सरावात जखमी झाला, त्याच्या जागी रोबेर्तो मोरेनो बसला. २७ मे रोजी शर्यत झाली, ३६ फेऱ्या झाल्यावर गाडी भिंतीला लागली आणि ३३ गाड्यांत ३३ वी आली.

आता हिशेब करा. तिथे गाडी ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणजे सेकंदाला ९७ मीटर. एका जागी बसलेल्या माणसाला समोरचा २०० मीटरचा पट्टा नीट दिसतो असं धरलं, तर एका फेरीत पेंग्विन दोन सेकंद दिसणार. ३६ फेऱ्यांचे ७२ सेकंद, तेही ३३ गाड्यांच्या घोळक्यात आणि शेपटाला. टीव्हीचा कॅमेरा आघाडीवर असतो. मागच्या गाडीवर तो दोन वेळा जातो: आघाडीवाला तिला एक फेरी मागे टाकतो तेव्हा, आणि ती आपटते तेव्हा.

असेच वर्गणीचे पैसे वेगळ्या जागी लावल्याचं उदाहरण तीन वर्षं आधीचं आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० हा ओपन सोर्स ब्राउझर आला आणि १६ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात छापून आली. पैसे लोकांच्या वर्गणीतले, आणि वर्गणी देणाऱ्या सुमारे १०,००० जणांची नावं बारीक टायपात त्या पानांवर. म्हणजे पैसे देणाऱ्याला काहीतरी हातात मिळालं. तो पेपर त्याने घरी दाखवला, ऑफिसात दाखवला. वाचणाऱ्यालाही पुढे काय करायचं ते स्पष्ट होतं. ब्राउझर उतरवायला पाच मिनिटं लागतात, फुकट आहे, जुना काढावाही लागत नाही. लिनक्सचं तसं नाही. पेंग्विन आवडला म्हणून कोणी रविवारी दुपारी हार्डडिस्क फॉरमॅट करत नाही.

रेसिंगमध्ये जमलेलं उदाहरण डोजकॉइनचं, म्हणजे कुत्र्याचं चिन्ह असलेल्या डिजिटल नाण्याचं. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या नॅसकार कार शर्यतीत जोश वाइजची ९८ नंबरची गाडी पूर्ण डोजकॉइनच्या रंगात उतरली. लोकांनी जमवलेली रक्कम त्या वेळच्या भावाने साधारण ५५,००० डॉलर, म्हणजे टक्स ५०० च्या उद्दिष्टाच्या सहावा हिस्सा. गाडी विसावी आली. पण ‘इंटरनेटवरच्या पोरांनी कुत्र्याच्या नाण्यात वर्गणी काढून एका बिनस्पॉन्सरच्या ड्रायव्हरला गाडी रंगवून दिली’ ही गोष्ट सांगण्यासारखी होती आणि ती सांगितली गेली. त्यानंतर त्याच लोकांनी मतं टाकून वाइजला ऑल-स्टार शर्यतीतही पोचवलं. डोजकॉइनचा कोड ओपन सोर्स आहे हे खरं, पण गाडीमुळे कोणी तो कोड वाचायला बसलं नाही. गाजला तो कुत्रा. शिवाय ज्याच्या खिशात आधीच ते नाणं होतं त्याचा त्यात स्वार्थ होता. लिब्रेऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या खिशात असं काही नसतं.

आणखी एक नमुना टीव्हीवर दिसला. २०२२ मध्ये मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीच्या चाकांवर गुगल क्रोमचे रंग आले. शब्द एकही नाही. चाक फिरायला लागलं की लाल-पिवळ्या-हिरव्याचं कडं दिसतं आणि बघणारा ओळखतो. ओळखतो कारण ते चिन्ह त्याने हजारदा बघितलेलं असतं. ओळखीच्या खुणेची आठवण करून द्यायला शर्यतीची गाडी उत्तम, पण नव्या नावाची ओळख करून द्यायला ती फार वाईट जागा आहे. इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरचा लोगो, काळा डोंगर, ताशी ८० ने गेला तर कोल्हापूरच्या ट्रॅकवर दहा माणसांनाही कळणार नाही की हे सॉफ्टवेअर आहे. पर्यटनाची जाहिरात समजतील.

पीडीएफमधल्या चौकोनांचा खरा भाव

अक्षर किती मोठं हवं याचा साइनबोर्डवाल्यांचा ठोकताळा सोपा आहे: एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून ठसठशीत, शंभर फुटांवरून जेमतेम. प्रेक्षक ३० मीटरवर बसला असेल तर आरामात वाचायला २५ सेंटिमीटरचं अक्षर लागेल. कार्टच्या बाजूच्या साइडपॉडची उंची वीतभर. देवनागरीत तर वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार धरले की मूळ अक्षराला एकूण उंचीच्या निम्मीच जागा उरते. म्हणजे कार्टवरचं स्टिकर प्रेक्षकांसाठी नसतंच. ते कॅमेऱ्यासाठी असतं. एवढं मान्य केलं की कुठला चौकोन घ्यायचा ते आपोआप ठरतं.

साइडपॉड मोठा दिसतो म्हणून महाग लावतात, पण पहिल्याच वळणावर दुसऱ्याची कार्ट तिथेच घासते. दुपारपर्यंत अर्धा लोगो गेलेला असतो. त्यापेक्षा स्टिअरिंगच्या पुढचं उभं पॅनेल, ज्याला नासाऊ पॅनेल म्हणतात, ते घ्या. फोटोग्राफर वळणाच्या आतल्या बाजूला बसून समोरून फोटो काढतो. त्या फोटोत हेल्मेट, हात आणि हे पॅनेल एवढंच नीट येतं. त्याहून सरस जागा ड्रायव्हरच्या सूटची छाती आणि टोपी, कारण पेपरात बक्षीस समारंभाचा फोटो येतो, गाडीचा नाही. मात्र पोडियमवर तिघंच चढतात, हे दर ठरवताना विसरू नका. कार शर्यतीच्या अग्निरोधक सूटवर बिल्ला इस्त्रीने चिकटवायचा नाही. फक्त बाहेरच्या थरावर, अग्निरोधक धाग्याने शिवायचा. चुकीचा बिल्ला म्हणजे तपासणीत सूट बाद आणि ड्रायव्हर घरी.

गाडीचा काही भाग विकायला टीमच्या हातात नसतोच. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेच्या शर्यतींत नंबराची जागा, टायर कंपनीची जागा, आयोजकांच्या जाहिरातीची जागा आधीच राखलेली असते. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीवर तीन ठिकाणी १५० मिलिमीटर उंचीचे आकडे आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा लागते, वर कॉलेजचं नाव. चित्रात दाखवलेला चौकोन राखीव जागेत तर येत नाही ना, हे त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून बघा. तपासनीस काढा म्हणाला की सगळ्यात धाकट्या स्पॉन्सरचं स्टिकर निघतं, आणि धाकटे आपणच असतो.

स्टिकर: खरी फजिती इथे होते

कार्टचं बॉडीवर्क पॉलिथिनच्या जातीच्या प्लॅस्टिकचं. त्यावर साधं विनाइल धरत नाही, दुसऱ्या दिवशी कडा उचलते. कार्टसाठी जाड, हाय-टॅक गोंदाचं विनाइल आणि वर लॅमिनेट लागतं. दुकानात तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर दुचाकीच्या नंबरप्लेटवाला रोल पुढे येतो. लावायच्या आधी पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसायचं. डब्ल्यूडी-४० चा फवारा लांब ठेवायचा. पाणी मारून सरकवायची युक्ती सपाट पत्र्याला ठीक, कार्टच्या प्लॅस्टिकला कोरडंच लावा. हीटगनने शेवटी कडांवर ऊब द्यायची आणि कोपरे आधीच गोल कापलेले हवेत; टोकदार कोपरा हमखास सुटतो.

फाइल देताना मराठी मजकूर असेल तर दोन गोष्टी बिघडतात. फ्लेक्स-स्टिकरच्या दुकानात कोरलड्रॉ हे विकतचं डिझाइन सॉफ्टवेअर असतं आणि मराठी टायपिंग जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. तुम्ही युनिकोडमधली फाइल तशीच दिली की ‘स्वातंत्र्य’चा ‘स् व ातं त्र् य’ होतो, वेलांटी पलीकडे जाऊन बसते, आणि ऑपरेटर आपल्या मनाने पुन्हा टाइप करून देतो. म्हणून इंकस्केपमध्ये मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचा, शिफ्ट-कंट्रोल-सी. मग ग्रुप फोडायचा. एवढ्यावर थांबलात तर दुसरी गंमत होते. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरात किंचित घुसलेली असते. छापायला फरक पडत नाही. पण कटिंग प्लॉटरची पाती प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते, आणि शिरोरेखेचे तुकडे पडतात. सोलताना शब्दाचा चुरा हातात येतो. उपाय एका झटक्याचा: सगळं निवडून ‘युनियन’, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. मग आउटलाइन दृश्यात जाऊन बघायचं, शिरोरेखेत एकही उभी रेघ उरली नाही ना. अनुस्वाराचा ठिपका पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. तो सोलण्यातच जातो, आणि मग गाडीवर ‘स्वतत्र’ लिहिलेलं राहतं. फॉन्ट मुक्त हवा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ जाड वजनात छान कापला जातो.

फाइल पीडीएफमध्ये द्या, शेजारी मिलिमीटरमध्ये माप लिहा. ओपन सोर्सचा लोगो चोरीच्या कोरलड्रॉवर उघडला जाताना बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे. त्यावर इथे न बोललेलं बरं.

लोगो कुणाचा?

कोड मुक्त म्हणजे चिन्ह मुक्त, असं नाही. लायसन्स कोडला लागू होतं. नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्कचा प्रांत. ‘लिनक्स’ या शब्दाचा ट्रेडमार्क लिनस टोरवाल्ड्सच्या नावावर आहे आणि त्याच्या वापराची परवानगी लिनक्स फाउंडेशनमार्फत मिळते. टक्स मात्र मोकळा आहे. लॅरी ईविंगने १९९६ मध्ये तो गिंप या मुक्त चित्र-सॉफ्टवेअरमध्ये काढला आणि अट एवढीच ठेवली की कोणी विचारलं तर त्याचं आणि गिंपचं नाव सांगायचं. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने आपली भोवऱ्यासारखी खूण खुल्या वापरासाठी ठेवली आहे. मोझिला (फायरफॉक्सवाले), द डॉक्युमेंट फाउंडेशन (लिब्रेऑफिसवाले), ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) यांची धोरणं वेगळी आणि वाचण्यासारखी. अडचण बहुधा लोगो दाखवण्याची नसते, ‘अधिकृत भागीदार’ असा भास होण्याची असते. पीडीएफमधला ‘ऑफिशियल सॉफ्टवेअर पार्टनर’ हा शब्द खोडायला लावा. फ्रीकॅड हे भाग डिझाइन करायचं मुक्त सॉफ्टवेअर; ‘ही गाडी फ्रीकॅडमध्ये डिझाइन केली’ हे वाक्य खरं असेल तर निर्धोक आहे आणि जाहिरात म्हणूनही जास्त जोरदार.

पैसे वसूल होतात ते पिटमध्ये

कोल्हापूरची गोष्ट इथे वेगळी पडते. ट्रॅकवर येणारा प्रेक्षक कोण? शिवाजी उद्यमनगरातला वर्कशॉपवाला, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फौंड्री-मशीनशॉपची माणसं, त्यांची इंजिनिअर पोरं. त्यांना कॅड (संगणकावर भाग आखायचं सॉफ्टवेअर) रोज लागतं, लायसन्सचा खर्च रोज टोचतो, आणि कुठेतरी चोरीची कॉपी चालू असते. ओपन सोर्ससाठी इतका नेमका ग्राहक एका जागी क्वचित जमतो. पण त्याला स्टिकर दाखवून उपयोग नाही. त्याला फाइल उघडून दाखवायला हवी.

म्हणून टीमशी सौदा असा करायचा: पैसे आम्ही देतो, त्या बदल्यात गाडीचा एक ठरलेला भाग आमच्या साधनात बनेल आणि पिटमध्ये तो लॅपटॉपवर उघडा असेल. पूर्ण गाडी हलवायला सांगू नका, कोणी ऐकणार नाही. ऐकलंच तर सीझन बुडेल. पेडल बॉक्स, स्टिअरिंगचा ब्रॅकेट, इंटेक रनर, असा गाडीचा एक भाग पुरे.

फ्रीकॅड १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि दोन जुन्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या: मधलं एखादं स्केच बदललं की पुढची सगळी फीचर्स तुटायची ती, आणि असेंब्ली (भाग एकत्र जोडून बघायची सोय) पदरी नसण्याची. तरी पोरं पहिल्याच दिवशी एका भिंतीवर आदळतात. टीमच्या जुन्या फाइल सॉलिडवर्क्स या विकतच्या कॅडच्या असतात आणि फ्रीकॅड त्या थेट उघडत नाही. जिथे सॉलिडवर्क्स चालू आहे तिथूनच सगळं स्टेप या बहुतेक कॅडना कळणाऱ्या स्वरूपात काढून घ्यायला हवं, कॉलेजचं लायसन्स संपायच्या आत. स्टेपमध्ये आकार येतो, फीचरचा इतिहास येत नाही. भोकाचा व्यास बदलायचा तर तो भाग नव्याने काढावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात ‘तुमचं सॉफ्टवेअर बिनकामाचं’ असा निरोप येतो.

गाडीवरून हवा कशी वाहते याच्या अभ्यासाला ओपनफोम. जगभरच्या रेसिंगमध्ये ते वापरलं जातं, त्यामुळे इथे स्टिकर पोकळ वाटत नाही. विंडोजवर ते डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) चालवता येतं. अडतं ते गाडीभोवतीच्या हवेचे बारीक तुकडे पाडणारी जाळी बनवताना: गाडीच्या आकाराची एसटीएल फाइल पाणी न झिरपणारी, कुठे भोक नसलेली हवी, नाहीतर जाळी विणणारं स्नॅपीहेक्समेश गाडीच्या आतही जाळी विणतं. जाळीच्या दर दहा लाख सेलमागे (तुकड्यांमागे) एक ते दोन जीबी रॅम धरा. कॉलेजच्या १६ जीबीच्या मशीनवर गाडी मधोमध कापून अर्धीच सोडवायची. सरळ रेषेतल्या गणिताला ते चालतं. निकाल दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमधलं रंगीत चित्र छापून पिटच्या भिंतीला लावलं तर त्यापुढे माणसं थांबतात.

ईसीयूसाठी, म्हणजे इंजिनचं इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या कंट्रोलरसाठी, स्पीडुइनो. आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा हा ओपन सोर्स ईसीयू स्वस्तात उभा राहतो. दोन सूचना. बाहाच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिथे ठरवून दिलेलं कार्ब्युरेटरवालं इंजिन हात न लावता वापरायचं असतं. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये ७१० सीसीपर्यंतचं इंजिन आणि आत येणारी हवा रोखणारा २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर असतो, ट्यूनिंगला वाव असतो, तिथे तो शोभतो. दुसरं, ट्यूनिंगसाठी जे ट्यूनरस्टुडिओ वापरतात ते ओपन सोर्स नाही. जाहिरातीत ‘शंभर टक्के मुक्त’ लिहू नका, जाणकार तिथेच पकडेल. पहिल्यांदा लावताना बहुतेकांचं बिघडतं ते क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये. सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या वायरीला लागून ओढली की खोटे सिग्नल येतात आणि इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर तुटक चालतं. शील्ड असलेली वायर, आणि शील्डला अर्थिंग एकाच टोकाला.

पोरं आणि आईबाप यांच्यासाठी स्टॉल टाकायचा असेल तर स्पीड ड्रीम्स हा ओपन सोर्स रेसिंग गेम आणि एक स्टिअरिंग व्हील पुरे. लॉजिटेकच्या जी२९ चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. रांग लागते. फक्त भर दुपारी उघड्यावर स्क्रीन दिसत नाही. तंबूला आतून काळं कापड लावा आणि जनरेटरच्या पॉइंटचं आदल्या दिवशी बोलून ठेवा. ट्रॅकवर गर्दी झाली की मोबाइल नेट रडतं, म्हणून फ्रीकॅड, इंकस्केप, लिब्रेऑफिसचे इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर असू द्या. लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारं) दाखवायला व्हेंटॉय हे साधन सोयीचं, पण पाहुण्याच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी आणि बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप आडवे येतात. बिटलॉकरची की जवळ नसलेल्या माणसाच्या बूट सेटिंगला हात लावू नका. सोमवारी त्याचं ऑफिस बंद पडेल आणि नाव तुमचं होईल.

मोजायचं कसं? डाउनलोडचे आकडे उपयोगाचे नाहीत. मिरर (कॉपी ठेवणारे सर्व्हर), लिनक्सच्या डिस्ट्रोची (प्रकाराची) स्वतःची रिपॉझिटरी, पेन ड्राइव्ह यातून गेलेलं कुणाच्याच खात्यात धरलं जात नाही. प्रत्येक जागेला वेगळी छोटी लिंक द्या: पॅनेलला एक, स्टॉलला एक, पत्रकाला एक. क्यूआर कोड पळत्या गाडीवर लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उभ्या गाडीजवळ आणि स्टॉलवर लावा, आणि माप अंतराच्या एक दशांश ठेवा, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर २० सेंटिमीटरचा. सगळ्यात खरा आकडा साध्या वहीत मिळतो. किती जणांनी आपली स्वतःची फाइल आणून उघडून बघितली आणि त्यातले किती महिनाभराने पुन्हा भेटले, तो.

पैसे देताना

एकरकमी देऊ नका. तीन हप्ते करा: नोंदणीची पावती दाखवल्यावर पहिला, गाडी तांत्रिक तपासणीतून पास झाल्यावर दुसरा, फोटो आणि फाइल हातात आल्यावर तिसरा. मधला महत्त्वाचा. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये गाडी ६० अंशात कलती करून तेल-इंधन गळत नाही ना ते बघतात, आवाज मोजतात, ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. यात अडकलेली गाडी ट्रॅकवर उतरतच नाही. उतरलेल्यांतही साधारण २२ किलोमीटरची एंड्युरन्स पुरी करताना बऱ्याच गाड्या धारातीर्थी पडतात. ती पोरांची चूक नव्हे, खेळच तसा आहे. पण आपला चौकोन दोन दिवस गॅरेजच्या अंधारात राहणार असेल तर त्याचा दर तसाच धरला पाहिजे.

बिल नीट घ्या. स्पॉन्सरशिपवर १८ टक्के जीएसटी आहे. १६ जानेवारी २०२५ पासून पैसे घेणारी बाजू बॉडी कॉर्पोरेट (कंपनीसारखी संस्था) असेल तर कर तीच बिलात लावते. घेणारा तसा नसेल, उदाहरणार्थ एकटा ड्रायव्हर, आणि देणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल, तर कर देणाऱ्याने रिव्हर्स चार्जखाली भरायचा. ही रक्कम पीडीएफमध्ये लिहिलेली नसते आणि मार्चमध्ये सीएच्या टेबलावर उगवते. काही जण ‘देणगी म्हणून द्या, ८०जीची करसवलत मिळेल’ असं सुचवतात. लोगो लावून घेतला की ती देणगी राहत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

कागदावर आणखी एक ओळ हवी, जी कुठल्याच छापील करारात नसते. गाडीचे, पिटचे आणि आपल्या साधनात बनलेल्या भागाचे निदान दहा फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए लायसन्सखाली (श्रेय देऊन, त्याच अटीवर कोणालाही वापरता येतील असे) द्यायचे, आणि त्या भागाची फ्रीकॅड फाइलसुद्धा. फोटोग्राफरची लेखी संमती आधी घ्या. टीमने भाड्याने आणलेला असेल तर हक्क बहुधा त्याच्याकडेच असतो. हे जमलं तर फोटो विकिमीडिया कॉमन्सवर जातात आणि प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर वापरता येतात. ती फाइल उद्यमनगरातल्या कोणालाही उघडून, भोकाचा व्यास बदलून, दुपारी मशीनवर लावता येते.